लिबरेल्पचं डेबियन पॅकेज: टारबॉलपासून ‘एकही ओळ हरवली नाही’ या चाचणीपर्यंत

लिबरेल्प ही रेल्प प्रोटोकॉलची लायब्ररी. रेल्प म्हणजे लॉगच्या नोंदी पोच घेऊन एका मशीनवरून दुसऱ्यावर पाठवायची पद्धत. लिबरेल्पचं पॅकेज बांधणं दिसायला सोपं आहे. छोटी लायब्ररी, एकच हेडर, ऑटोटूल्सची नेहमीची बिल्ड, आणि वापरणारा बहुतेक ठिकाणी एकच, तो म्हणजे आरसिसलॉग हा लॉग गोळा करणारा आणि पाठवणारा प्रोग्रॅम. डेबियन पॅकेज बांधून देणाऱ्या ‘डीएच’ कमांडच्या भरवशावर थोड्या वेळात डेब फाइल हातात येते, इन्स्टॉलही होते. घोळ पुढे निघतात. कुणाच्या पॅकेजात टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) बंदच राहिलेलं असतं. कुणी सिम्बॉल फाइल (लायब्ररीतल्या फंक्शनांच्या नावांची यादी) ठेवलेली नसते. बहुतेकांनी जुना आरसिसलॉग नव्या लायब्ररीवर चालवून पाहिलेलाच नसतो. हे बिघडलं तर आरडाओरडा होत नाही. नोंदी यायच्या थांबतात, आणि कुणी त्या शोधायला गेलं की मगच कळतं. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांमुळे भारतात १८० दिवसांचे लॉग जपून ठेवणं बंधनकारक झालं आहे, त्यामुळे अशी गळती आता नुसती गैरसोय राहिलेली नाही.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. क्रम चुकला की केलेलं काम पुन्हा करावं लागतं, विशेषतः टप्पा २ मागे ढकलला तर.

आधी एवढी तयारी

डेबियनच्या अनस्टेबल शाखेसाठी बांधायचं असलं तरी तुमचं रोजचं मशीन अनस्टेबल असायची गरज नाही. बिल्ड स्वच्छ क्रूटमध्ये, म्हणजे मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या छोट्या सिस्टिममध्ये, होणार आहे. मशीनवर ही हत्यारं असू द्या: ‘डेवस्क्रिप्ट्स’, ‘गिट-बिल्डपॅकेज’, ‘एसबिल्ड’, ‘एमएमडेबस्ट्रॅप’, ‘लिंटियन’ (पॅकेजातल्या चुका शोधणारं), ‘ॲबिगेल-टूल्स’ आणि ‘ऑटोपीकेजीटेस्ट’. चाचणीसाठी एक वेगळं व्हर्च्युअल मशीन ठेवा. डेबियन १२ पासून आरसिसलॉग आपोआप बसत नाही, म्हणून तिथे ‘आरसिसलॉग’ आणि ‘आरसिसलॉग-रेल्प’ ही दोन्ही पॅकेजं हाताने घाला. रेल्पचे ‘आयएमरेल्प’ आणि ‘ओएमरेल्प’ हे मॉड्यूल दुसऱ्या पॅकेजात असतात. पहिलं टाकून दुसरं विसरणारे बरेच आहेत.

सध्या संग्रहात असलेलं ‘लिबरेल्प०’चं डेब आणि त्याचं डीबग-सिम्बॉल पॅकेजही उतरवून बाजूला ठेवा. तुलना त्याच्याशीच करायची आहे.

टप्पा १: मूळ टारबॉल आणा आणि तपासा

टारबॉल ‘यूस्कॅन’नेच आणा. ब्राउझरमधून उतरवलेली फाइल नाव बदलून ठेवू नका. ‘वॉच’ फाइलमध्ये आरसिसलॉग प्रकल्पाचा डाउनलोड पत्ता असावा. सही उपलब्ध असेल तर सहीची चावी ‘डेबियन/अपस्ट्रीम’ फोल्डरात ठेवा, म्हणजे तपासणी दर वेळी आपोआप होते.

गिटहबवर टॅगपासून आपोआप बनणारा आर्काइव्ह आणि प्रकल्पाने स्वतः काढलेला टारबॉल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात तयार ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट नसते. दुसऱ्यात असते, पण ती गिटमध्ये नसते, म्हणून ती कुणी वाचलेलीही नसते. मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलेल्या, एक्सझेड या कॉम्प्रेशन सॉफ्टवेअरमध्ये घुसवलेल्या चोरवाटेच्या प्रकरणात नेमकी हीच फट वापरली गेली होती: बिल्डमध्ये शिरकाव करणारी एम४ फाइल टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. म्हणून टारबॉल उघडून गिटच्या त्याच टॅगशी ‘डिफ’ लावा. फरकात फक्त ऑटोटूल्सने बनवलेल्या फाइली दिसायला हव्यात. त्यातली एखादी एम४ फाइल ओळखीची वाटली नाही तर तिथेच थांबा. कंपॅट (सुसंगततेची पातळी) १० पासून डेबहेल्पर ‘ऑटोरीकॉन्फ’ आपोआप चालवतो आणि ‘कॉन्फिगर’ नव्याने बनतं. ते बंद करू नका.

> तपासा: सोर्स फॉरमॅट ‘३.० (क्विल्ट)’ आहे का? मूळ टारबॉलच्या नावात आवृत्तीच्या आधी अंडरस्कोर आहे का? इथे हायफन राहिला तर पुढे ‘मूळ सोर्स सापडत नाही’ अशी दिशाभूल करणारी चूक येते.

टप्पा २: पॅकेजचं नाव ठरवण्याआधी सोनेम बघा

बहुतेक जण हा टप्पा शेवटी करतात आणि इथेच फसतात. लायब्ररी पॅकेजचं नाव सोनेमवरून, म्हणजे लायब्ररीच्या फाइलीतच नोंदलेल्या, इंटरफेसचा आकडा असलेल्या नावावरून, ठरतं. लिबरेल्पची स्वतःची आवृत्ती १.११.० असो की आणखी काही, सोनेम ‘लिबरेल्प.एसओ.०’ आहे, म्हणून पॅकेज ‘लिबरेल्प०’. इथे ‘लिबरेल्प१’ लिहिणारे प्रकल्पाची आवृत्ती आणि लायब्ररीचा इंटरफेस यांची गल्लत करतात.

टारबॉल एकदा साधेपणाने बांधून घ्या, ‘ऑब्जडम्प’ला ‘-पी’ पर्याय देऊन तयार झालेल्या लायब्ररीवर चालवा आणि ‘सोनेम’ची ओळ वाचा. मेकफाइलमधला लिबटूलचा तीन आकड्यांचा संचही बघा: करंट, रिव्हिजन, एज. लिनक्सवर सोनेममधला आकडा म्हणजे करंट वजा एज. संच ५:१:५ असेल तर सोनेम ०. नवं फंक्शन आलं की करंट आणि एज दोन्ही एकेकाने वाढतात, रिव्हिजन शून्य होतं, म्हणून सोनेम तसंच राहतं. जुनं फंक्शन काढलं किंवा बदललं तर करंट वाढतो, एज शून्यावर येतं आणि सोनेम बदलतं.

मूळ लेखकांकडूनही हे आकडे चुकू शकतात. सोनेम तेच आहे, पण एखादं सिम्बॉल गायब झालंय, असं दिसलं तर पॅकेज पुढे रेटू नका आणि स्वतःच्या पॅचने सोनेमही बदलू नका. तुमचं सोनेम वेगळं झालं की बाकीच्या वितरणांशी मेळ तुटतो. आधी मूळ प्रकल्पाकडे बग नोंदवा.

सोनेम खरोखर बदललं असेल तर बायनरी पॅकेजचं नाव बदलतं, ते नव्या पॅकेजांच्या रांगेतून जातं आणि आरसिसलॉग पुन्हा बांधावा लागतो. हे काम एका संध्याकाळचं नाही. आधी ‘एक्सपेरिमेंटल’मध्ये टाका.

टप्पा ३: कोणती फाइल कुठे

वाटणी दोन पॅकेजांत करायची:

‘लिबरेल्प०’मध्ये फक्त ‘लिबरेल्प.एसओ.०’ ही सिमलिंक आणि ती जिकडे बोट दाखवते ती खरी फाइल.

‘लिबरेल्प-डेव्ह’मध्ये आकडा नसलेली ‘लिबरेल्प.एसओ’ ही सिमलिंक, ‘लिबरेल्प.एच’ हेडर, पीकेजी-कॉन्फिगची ‘रेल्प.पीसी’ फाइल आणि हवी असेल तर स्टॅटिक ‘.ए’ फाइल.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथली आहे. ‘लिबरेल्प०.इन्स्टॉल’मध्ये ‘लिबरेल्प.एसओ’ला पुढे तारांकन लावून लिहिलं की आकडा नसलेली सिमलिंकही त्याच पॅकेजात शिरते. आज नुसतं ‘लिबरेल्प०’ बसवलं तर काहीच बिघडत नाही. उद्या सोनेम बदलून ‘लिबरेल्प१’ आलं की तीच फाइल दोन पॅकेजांत सापडते आणि डीपीकेजी अपग्रेड अर्ध्यात सोडतं. तारांकन ‘.एसओ.०’नंतरच लावा.

आर्किटेक्चरचा फोल्डर हाताने लिहू नका, तिथे तारांकन ठेवा. ‘एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू’ असं लिहून ठेवलं तर आर्म६४ वर बिल्ड लगेच पडते.

लिबटूलची ‘.एलए’ फाइल कुठल्याही पॅकेजात नको. कंपॅट १३ मध्ये इन्स्टॉल झालेली पण कुठल्याच पॅकेजात न गेलेली फाइल सापडली की बिल्ड थांबते. ही चांगली सोय आहे. तिच्यावर चिडून ‘डीएच_मिसिंग’ रिकामं करून टाकू नका. नको असलेल्या फाइलींची नावं ‘नॉट-इन्स्टॉल्ड’मध्ये लिहा.

टप्पा ४: कंट्रोल फाइल

बिल्डसाठी लागणाऱ्या गोष्टी थोड्याच: ‘डेबहेल्पर-कंपॅट (= १३)’, ‘पीकेजीकॉन्फ’, ‘लिबजीएनयूटीएलएस२८-डेव्ह’ आणि ओपनएसएसएलचा आधारही द्यायचा असेल तर ‘लिबएसएसएल-डेव्ह’. चाचण्यांना ‘व्हॅलग्रिंड’ लागत असेल तर त्याला ‘नोचेक’ प्रोफाइलची अट लावा. व्हॅलग्रिंड प्रत्येक आर्किटेक्चरवर मिळत नाही, म्हणून जिथे मिळतं तेवढीच आर्किटेक्चरं त्याच्या कंसात लिहा. नाहीतर बाकीच्या ठिकाणी तुमची बिल्ड कायम ‘अवलंबन उपलब्ध नाही’ म्हणत ताटकळत राहील.

दोन्ही बायनरी पॅकेजांना ‘मल्टी-आर्क: सेम’ द्या. ‘लिबरेल्प-डेव्ह’चं ‘लिबरेल्प०’वरचं अवलंबन तंतोतंत त्याच आवृत्तीचं हवं: बरोबरचं चिन्ह आणि ‘बायनरी:व्हर्जन’ हे चल. इथे ‘सोर्स:व्हर्जन’ वापरलं तर एखाद्या आर्किटेक्चरवर नुसती पुनर्बिल्ड झाली की डेव्ह पॅकेज इन्स्टॉल होईनासं होतं.

‘रेल्प.पीसी’ उघडून वाचा. जीएनयूटीएलएसचं नाव ‘रिक्वायर्स.प्रायव्हेट’मध्ये असेल तर ‘लिबरेल्प-डेव्ह’ने ‘लिबजीएनयूटीएलएस२८-डेव्ह’वर अवलंबून राहणं भाग आहे, कारण पीकेजी-कॉन्फिग नुसते कंपाइलचे पर्याय सांगतानाही ती दुसरी पीसी फाइल शोधतं. ती सापडली नाही तर आरसिसलॉगचं ‘कॉन्फिगर’ सरळ ‘रेल्प सापडलं नाही’ म्हणतं, आणि माणूस नको त्या जागी शोधत बसतो.

परवान्याची फाइल लवकर होते. लायब्ररी जीपीएल ३ किंवा पुढच्या आवृत्तीखाली आहे. ओपनएसएसएल ३.० पासून अपाची २.० परवान्याखाली आलं, ते जीपीएल ३ शी जुळतं. मात्र चाचण्या, एम४ फाइली आणि स्क्रिप्ट यांचे परवाने वेगळे असू शकतात. एकेक फाइल बघा.

टप्पा ५: रूल्स फाइल आणि टीएलएसचा सापळा

‘कॉन्फिगर’ला जे हवं ते स्पष्ट सांगा: टीएलएस चालू, आणि ओपनएसएसएल हवं की नको तेही. ‘स्वतः ओळखेल’ असं समजून सोडू नका. मशीनवर योगायोगाने कुठलं डेव्ह पॅकेज बसलेलं आहे यावर पॅकेज काय करू शकेल हे ठरता कामा नये.

टीएलएसशिवाय बांधलेल्या लिबरेल्पमध्येही टीएलएस चालू करायची फंक्शनं असतातच. ती फक्त ‘टीएलएस उपलब्ध नाही’ असा एरर-कोड परत करतात. त्यामुळे सिम्बॉल फाइल गप्प, लिंकर गप्प, लिंटियनही गप्प. आरसिसलॉग सुरू होताना टीएलएसचा लिसनर तेवढा उघडत नाही.

> तपासा: बिल्ड झाल्यावर ‘रीडएल्फ -डी’ चालवा. ‘नीडेड’च्या ओळींत ‘लिबजीएनयूटीएलएस.एसओ.३०’ दिसलंच पाहिजे. ओपनएसएसएल चालू केलं असेल तर ‘लिबएसएसएल.एसओ.३’ही. दिसत नसेल तर पुढचं काहीही करू नका.

हार्डनिंगचे सगळे पर्याय चालू ठेवा: ‘हार्डनिंग=+ऑल’. या लायब्ररीबाबत हा नुसता शिष्टाचार नाही. सीव्हीई-२०१८-१०००१४० या नोंदवलेल्या सुरक्षा-दोषात लिबरेल्प १.२.१४ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत, समोरच्याच्या प्रमाणपत्रातली नावं तपासताना स्टॅकवरचा बफर ओलांडता येत होता. ‘एसएनप्रिंटएफ’ परत देतं तो आकडा ‘खरोखर लिहिलेले बाइट’ समजून पुढची जागा मोजली जात होती. प्रत्यक्षात जागा अपुरी पडली तर ते फंक्शन ‘किती लिहायचे होते’ ते सांगतं. प्रमाणपत्रात बरीच पर्यायी नावं घातली की हिशेब बफरच्या बाहेर जाई. १.२.१५ मध्ये हे दुरुस्त झालं. नेटवर्कवरून कुणाचंही प्रमाणपत्र वाचणारा कोड हा असा असतो. संरक्षणाचा एकही थर काढू नका.

चाचण्या ‘--नो-पॅरलल’ने चालवा. त्या लोकलहोस्टवर खरे सॉकेट उघडतात. दोन चाचण्या एकाच पोर्टवर आल्या की एक पडते, आणि ती दर वेळी वेगळीच असते. अशी ‘कधी पडते, कधी नाही’ चाचणी दिसली की लोक सगळ्याच चाचण्या बंद करून मोकळे होतात. आधी एकेक चालवून बघा. तरीही एखादी पडलीच तर त्या चाचणीतल्या प्रमाणपत्राची मुदत संपली आहे का ते पाहा.

टप्पा ६: सिम्बॉल फाइल

सिम्बॉल फाइल नसली तरी पॅकेज बनतं. मग ती कशासाठी? तिच्यात प्रत्येक सिम्बॉलपुढे ते कोणत्या आवृत्तीत पहिल्यांदा आलं ते लिहिलेलं असतं. आरसिसलॉग बांधला जातो तेव्हा ‘डीएच_एसएचलिबडेप्स’ त्याने खरोखर वापरलेली सिम्बॉलं बघून ‘किमान अमुक लिबरेल्प०’ असं अवलंबन काढतं. फाइल नसेल तर हे अवलंबन अंदाजावर येतं: कंपॅट १२ पासून गरजेपेक्षा कडक होतं, त्याआधीच्या पातळ्यांवर किमान आवृत्तीशिवायच राहतं. किमान आवृत्ती नसेल तर नवं फंक्शन वापरणारा आरसिसलॉग जुन्या लिबरेल्पसोबत बसतो, आणि मॉड्यूल लोड होताना ‘सिम्बॉल सापडलं नाही’ म्हणून पडतो. आरसिसलॉग स्वतः चालू राहतो, फक्त रेल्पने जाणाऱ्या नोंदी जात नाहीत.

फाइल बनवायची रीत:

१. संग्रहातल्या जुन्यात जुन्या उपलब्ध डेबपासून सुरुवात करा. ते उघडा, त्यावर ‘डीपीकेजी-जेनसिम्बॉल्स’ चालवा, मग त्याच फाइलवर पुढच्या आवृत्तीचं डेब, असं क्रमाने वर या. थेट नव्या आवृत्तीवर चालवलं तर सगळी सिम्बॉलं ‘आजच आली’ अशी नोंद होते आणि विनाकारण कडक अवलंबन तयार होतं.

२. आवृत्त्यांतला डेबियनचा शेपटीचा भाग काढा. ‘१.११.०-१’ नको, ‘१.११.०’ हवं. कारण साधं आहे: बॅकपोर्टची आवृत्ती ‘१.११.०-१~बीपीओ१२+१’ अशी असते, आणि टिल्डमुळे ती ‘१.११.०-१’ पेक्षा लहान ठरते. शेपूट राहिली तर बॅकपोर्टवर अवलंबन कधीच पुरं होत नाही.

३. बिल्डच्या वेळी तपासणीची पातळी ४ ठेवा (‘डीपीकेजी_जेनसिम्बॉल्स_चेक_लेव्हल’). मूळ पातळी १ फक्त गायब सिम्बॉलवर थांबते. नवं सिम्बॉल आलं तर नुसती सूचना देऊन पुढे जाते, आणि ती सूचना शेकडो ओळींच्या बिल्ड लॉगमध्ये कुणी वाचत नाही.

एखादं सिम्बॉल गायब झालं आणि ‘ते तर आतलं होतं, हेडरमध्ये नव्हतंच’ असं दिसलं, तर ‘बिल्ड-आरडेप्स’ने लिबरेल्प-डेव्ह वापरणारी पॅकेजं काढा आणि त्यांच्या सोर्समध्ये ते नाव शोधा. खात्री झाल्यावरच ओळ काढा, आणि का काढली ते चेंजलॉगमध्ये लिहा.

> सावध: सिम्बॉल फाइल नावं तपासते, आकार नाही. सी भाषेत फंक्शनचे आर्ग्युमेंट बदलले तरी सिम्बॉलचं नाव तेच राहतं. म्हणून जुनं आणि नवं डेब, दोन्हींच्या डीबग-सिम्बॉलांसह, ‘एबीआयडिफ’ला द्या. बदललेली सही, हललेला एनम, वाढलेला स्ट्रक्चर यातलं काही निघालं तर टप्पा २ वर परत जा.

टप्पा ७: स्वच्छ बिल्ड

बिल्ड ‘एसबिल्ड’मध्ये, अनशेअर पद्धतीने. स्वतःच्या मशीनवर थेट बांधलेलं डेब कुणालाही देऊ नका. बिल्ड-डिपेंड्समधून सुटलेलं नाव तुमच्या मशीनवर नेमकं आधीच बसलेलं असतं. अनशेअर बिल्डमध्ये बाहेरचं नेटवर्क नसतं, पण लूपबॅक असतो, म्हणून लोकलहोस्टवरच्या चाचण्या चालायला हव्यात. बाहेरचं यजमाननाव सोडवू पाहणारी चाचणी मात्र इथे पडेल, आणि पडलीच पाहिजे.

संस्थेच्या आतल्या रिपॉझिटरीसाठी बांधत असाल तर आवृत्ती विचार करून द्या. ‘१.११.०-१~आमचं१’ लिहिलं तर अधिकृत ‘१.११.०-१’ आलं की ते तुमची जागा घेतं. ‘+’ लावलं तर तुमचंच पॅकेज वर राहतं, आणि अधिकृत सुरक्षा दुरुस्तीही मागे पडू शकते. टिल्डच वापरा.

बिल्ड झाल्यावर ‘डेबडिफ’ने जुन्या आणि नव्या डेबमधल्या फाइलींची यादी ताडून बघा. लिंटियन सगळ्या पातळ्यांवर चालवा. त्याने दाखवलेली प्रत्येक गोष्ट दुरुस्त करायलाच हवी असं नाही, पण ओव्हरराइड लिहिलात तर त्यावर कारणाची एक ओळ हवी.

टप्पा ८: जुना आरसिसलॉग, नवी लायब्ररी

इथला क्रम फार महत्त्वाचा आहे. लोक आरसिसलॉग नव्या लिबरेल्पवर पुन्हा बांधतात, तो चालतो, आणि चाचणी झाली समजतात. त्याने फक्त हेडर नीट आहे एवढंच सिद्ध होतं. वापरणाऱ्यांच्या मशीनवर आरसिसलॉग जुनाच राहणार आहे आणि फक्त लायब्ररी बदलणार आहे. म्हणून आधी संग्रहातला, पुन्हा न बांधलेला आरसिसलॉग ठेवून नुसतं ‘लिबरेल्प०’ बदला आणि चालवा. तो पास झाला की मग आरसिसलॉग नव्या ‘लिबरेल्प-डेव्ह’वर बांधून बघा.

टप्पा ९: नोंद हरवते का?

साध्या टीसीपीवर ‘सेंड’ यशस्वी झालं म्हणजे डेटा कर्नलच्या बफरमध्ये गेला, एवढंच. जोडणी तुटली की त्या बफरमधलं गेलं. रेल्पमध्ये प्रत्येक फ्रेमला व्यवहार क्रमांक असतो, समोरून त्याच क्रमांकाचं ‘आरएसपी’ उत्तर येतं, आणि उत्तर न आलेल्या फ्रेम नव्या जोडणीवर पुन्हा पाठवल्या जातात. पॅकेजची खरी परीक्षा हीच: जोडणी तोडा आणि मोजा.

चाचणीच्या मशीनवर आरसिसलॉगच्या दोन प्रती चालवा, एक घेणारी, एक पाठवणारी. प्रत्येकीला स्वतःची कॉन्फिग फाइल (‘-एफ’), स्वतःची पीआयडी फाइल (‘-आय’) आणि वेगळा वर्क-डिरेक्टरी फोल्डर द्या. पीआयडी फाइल एकच राहिली तर दुसरी प्रत सुरू होत नाही. मशीनवर आरसिसलॉगचं ॲपआर्मर प्रोफाइल चालू असेल तर ते अनोळखी फोल्डरांना आडवं येईल. चाचणीपुरतं ते ‘कंप्लेन’ अवस्थेत ठेवा.

घेणारा ‘आयएमरेल्प’ने पोर्ट २५१४ वर ऐकेल आणि नुसता संदेश एका फाइलीत लिहील. पाठवणारा ‘आयएमफाइल’ने एक फाइल वाचून ‘ओएमरेल्प’ने पाठवेल. ‘लॉगर’ कमांडने नोंदी ओतू नका: जर्नल आणि सॉकेट दोन्हींकडे दरमर्यादा असते, त्या मध्येच नोंदी गाळतात आणि दोष लायब्ररीवर येतो. पाठवणाऱ्याच्या ॲक्शनमध्ये ‘रिझ्यूमरिट्रायकाउंट’ उणे १ ठेवा. मूळ किंमत शून्य आहे, तिच्यात समोरचा गेला की नोंद टाकून दिली जाते.

आता फाइलीत क्रमांक असलेल्या ओळी सेकंदाला २,००० या वेगाने ३०० सेकंद लिहा. एकूण ६,००,०००. मध्ये दोनदा जोडणी तोडायची:

३० व्या सेकंदाला ‘एनएफटी’ या फायरवॉल कमांडने पोर्ट २५१४ वर टीसीपी रिसेटसह ‘रिजेक्ट’. २० सेकंदांनी नियम काढा. पाठवणाऱ्याला तुटल्याचं लगेच कळतं. मात्र आरसिसलॉग पुन्हा प्रयत्न ३० सेकंदांच्या अंतराने करतो, म्हणून लगेच नोंदी आल्या नाहीत तर घाबरू नका.

१२० व्या सेकंदाला ‘ड्रॉप’. हा किमान दोन मिनिटं ठेवा. ‘ओएमरेल्प’ची मूळ कालमर्यादा ९० सेकंद आहे. पन्नास सेकंदांत नियम काढला तर टीसीपी स्वतःच मागचं पुन्हा पाठवून सावरतं, रेल्पच्या पुन्हा पाठवण्याची वेळच येत नाही, आणि हिरवी खूण मात्र मिळते.

> हे करू नका: घेणाऱ्या प्रतीला ‘किल -९’ देऊन नोंदी मोजू नका. ‘आयएमरेल्प’ पोच देतो ती नोंद आरसिसलॉगच्या रांगेत गेल्यावर, डिस्कवर लिहिल्यावर नाही. मेमरीतली रांग मेली तर पोच मिळालेल्या नोंदीही जातात. तो रांगेच्या रचनेचा प्रश्न आहे, लिबरेल्पचा नाही.

लिहिणं संपल्यावर आणखी तीन मिनिटं थांबा. मग घेणाऱ्याची फाइल ‘सॉर्ट -एन -यू’ करून ओळी मोजा. बरोबर ६,००,००० हव्यात. ५,९९,९९९ सुद्धा नापास. कमी भरल्या तर दोन्ही याद्या साध्या ‘सॉर्ट’ने लावून ‘कॉम’ने कुठले क्रमांक गेले ते काढा, सलग पट्टा गेला असेल तर तो तुटीच्या वेळेशी जुळतो का ते बघा.

दुबार ओळी वेगळ्या मोजा. त्या येणारच: घेणाऱ्याला फ्रेम मिळाली, पण तुटीमुळे पोच परत पोचली नाही, तर पाठवणारा ती पुन्हा पाठवतो. लिबरेल्पची खिडकी मुळात १२८ फ्रेमची आहे, म्हणून दोन तुटींमागे दुबार ओळी शेकड्यांत राहाव्यात. हजारांत गेल्या तर काहीतरी बिघडलं आहे. चाचणी पुन्हा करताना फाइलीचं नाव बदला, नाहीतर ‘आयएमफाइल’ला आधीचं वाचन आठवतं आणि तो जिथे थांबला होता तिथून पुढे बघतो.

हीच चाचणी टीएलएस चालू करून पुन्हा करा. ओपनएसएसएलही बांधलं असेल तर ‘टीएलएस.टीएलएसलिब’ बदलून तिसऱ्यांदा. चाचणीच्या प्रमाणपत्रात दहा-पंधरा पर्यायी नावं घाला. एकाच नावाचं प्रमाणपत्र वर सांगितलेला कोड नीट तपासतच नाही.

टप्पा १०: चालू सर्व्हरवर बदल

‘लिबरेल्प०’ अपग्रेड झालं की डिस्कवरची फाइल बदलते, पण चालू असलेला आरसिसलॉग जुनीच लायब्ररी मेमरीत धरून बसतो. सुरक्षा दुरुस्ती टाकली आणि रीस्टार्ट केला नाही तर दुरुस्ती लागूच झालेली नाही. आरसिसलॉगच्या पीआयडीखालची ‘/प्रॉक’मधली ‘मॅप्स’ फाइल बघा: लिबरेल्पच्या ओळीपुढे ‘डिलीटेड’ दिसलं तर जुनी लायब्ररीच चालू आहे. ‘नीडरीस्टार्ट’ बसवलेलं असेल तर तेही हे सांगतं.

रीस्टार्ट आधी घेणाऱ्या सर्व्हरचा, मग पाठवणाऱ्यांचा. घेणारा थोडा वेळ नसला तर पाठवणारे थांबून राहतात, पण त्यासाठी त्यांच्या ॲक्शनला डिस्कवर उतरणारी रांग आणि उणे १ ची सेटिंग असायला हवी. ती आहे का ते रीस्टार्टच्या आधी प्रत्येक मशीनवर बघा. जुनं डेब आठवडाभर जपून ठेवा. परत फिरायची वेळ आली आणि मधल्या काळात आरसिसलॉग नव्या लिबरेल्पवर बांधलेला असेल, तर दोन्ही एकत्रच मागे न्यावे लागतील. सिम्बॉल फाइल बरोबर असेल तर नुसती लायब्ररी मागे न्यायचा प्रयत्न केल्यावर ॲप्टच हे सांगेल.